आसरांची गोष्ट विचारायची कशी, उतरवून घ्यायची कशी

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात एका गावात कॉलेजचा एक मुलगा लोककथा गोळा करायला आला होता. हातात छापील फॉर्म होते. ओट्यावर सुपात नागली पाखडत बसलेल्या आजींना त्याने विचारलं, "आजी, तुमच्या भागात पऱ्यांच्या काही लोककथा प्रचलित आहेत का?" आजी म्हणाल्या, "न्हाई रे बाबा, तसलं काय न्हाई आमच्याकडं." त्याने फॉर्मवर 'नाही' लिहिलं, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या घरी गेला.

त्याच ओट्यावर मी त्यांच्या पणतूचं वजन करत होते. मुलगा गेल्यावर मी विचारलं, "आजी, खालच्या विहिरीवर दिवेलागणीनंतर बाया का जात नाहीत?" आजींनी सूप बाजूला सारलं. पुढचा दीड तास त्या बोलत होत्या. सात बहिणी, त्यांचे भिजलेले केस, अमावास्येला विहिरीतून येणारा बांगड्यांचा आवाज, लग्नासाठी पाण्यातून वर येणारी भांडी, सगळं त्यात आलं. तो मुलगा जे शोधत होता ते त्याच ओट्यावर होतं, फक्त त्याने चुकीच्या नावाने हाक मारली होती.

मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. दिंडोरी, पेठ आणि शेवटची काही वर्षं त्र्यंबक. गरोदर मातांच्या नोंदवहीची शेवटची पानं रिकामी राहायची, त्यांवर मी या गोष्टी, पाण्यातल्या सात बहिणींच्या म्हणजे आसरांच्या, लिहीत गेले. आता पंचवटीत राहते. ओळखीपाळखीची मुलं-मुली अधूनमधून विचारतात, आम्हालाही आमच्या गावच्या गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत, सुरुवात कशी करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ओळख पटवून घ्या

परी हा शब्द फारसीतून आला. त्याचं मूळ पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या 'पैरिका'त आहे आणि तिथे ती चेटकीण आहे, देखणी परी ती पुढे झाली. इंग्रजीतल्या 'फेअरी'चं मूळ लॅटिन 'फाता'मध्ये, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या देवीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाळंतिणीची खोली आठवली. पाचवी-सहावीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. तुमच्या आजीला सटवाईबद्दल विचारलंत तर 'फेअरी'च्या सगळ्यात जुन्या अर्थाशी तुम्ही पोचलात असं समजा.

पंखांच्या मागे लागू नका. युरोपातल्या जुन्या कथांतल्या पऱ्यांनाही बहुधा पंख नसतात. फुलपाखराचे पंख चित्रकारांनी १८व्या शतकाच्या अखेरीपासून लावायला घेतले आणि १९व्या शतकात ते पक्के झाले. आपल्याकडच्या कुठल्याच आजीने मला पंख सांगितले नाहीत. त्यांच्या गोष्टीत असतात ते केस, हिरवा चुडा आणि ओलं लुगडं.

आपल्याकडच्या या बायांना आसरा म्हणतात, साती आसरा. काही ठिकाणी मावलाया, माऊल्या, जलदेवता. शब्द अप्सरांचाच आहे, आणि अप् म्हणजे पाणी. इंद्राच्या दरबारात नाचणारी अप्सरा आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे, पण ती मुळात पाण्याची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशीचा संवाद आहे. शतपथ ब्राह्मणात तीच कथा सविस्तर येते. अट मोडल्यावर उर्वशी निघून जाते, राजा वणवण फिरतो आणि शेवटी ती त्याला कुरुक्षेत्रातल्या कमळांच्या तळ्यात सापडते, सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहताना. त्या तळ्यातून आपल्या विहिरीत यायला तिला फार लांब यावं लागलेलं नाही.

सातजणींची नावंही मिळतात: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. नीट पाहिलंत तर त्यात मासळी आहे, कासवीण आहे, खेकडी, बेडकी, मगर आहे. विहिरीत डोकावल्यावर जे दिसतं तेच. ही नावं पाठ करून गावात जाऊ नका मात्र. मला भेटलेल्या एकाही बाईने ती घेतली नाहीत. थोरली, मधली, धाकटी, आणि एखादी पांगळी, असंच त्या सांगतात. तुम्ही 'दर्दुरी' म्हणालात की समोरच्या बाईला वाटतं, हिला माझ्याहून जास्त माहीत आहे, आणि ती गप्प बसते.

जायच्या आधी

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या जुन्या ग्रंथालयात एक दुपार घालवा. जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला माहितीग्रंथ, चाळा. त्यात तुमच्या गावची गोष्ट मिळेलच असं नाही, पण गावात तळं होतं का, बारव होती का, बाजार कुठे भरायचा, हे कळतं. त्यामुळे प्रश्न नेमके होतात.

आणखी एक इतिहास नाशिककराने माहीत करून घ्यावा. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. हाच जॅक्सन लोकसमजुती गोळा करत होता. त्याने प्रश्नावली तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवल्या होत्या. त्याच्या मागे एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती उत्तरं दोन भागांत छापली, गुजरातचा भाग १९१४ला आणि कोकणचा १९१५ला. गोदाकाठच्या नावाचा भाग त्यात नाही. आणि जे आहे ते मास्तरांनी लिहिलेलं. विहिरीवर पाणी भरायला जाणारी बाई त्यात स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. ती उणीव आपण भरून काढायची आहे, म्हणून फॉर्म घरी ठेवा.

मग पाणी शोधा. गावात गेल्यावर पहिल्यांदा कुणाच्या घरी जाऊ नका. विहिरी, बारवा, आड, नदीचा डोह, ओढ्याचा संगम, पाझर तलाव असं सगळं पायी फिरून पाहा. शेंदूर फासलेले सात दगड एका ओळीत दिसले की थांबा. कुठे सात बायका कोरलेली एकच शिळा असते. जवळ एखादा वेगळा मोठा दगड असला तर तो भाऊ असतो, बहुतेक वेळा म्हसोबा. बांगड्या, खण, लिंबू, दहीभाताची पत्रावळ काय दिसतं ते पाहा. पत्रावळ ताजी असेल तर पूजा चालू आहे, आणि पूजा चालू असेल तर गोष्ट सांगणारं माणूस हाकेच्या अंतरावर आहे.

शहरातल्यांनी आपल्याकडे काही उरलं नाही असं समजू नये. मखमलाबाद, आनंदवल्ली, म्हसरूळ, आडगाव ही परवापरवापर्यंत गावंच होती. आजूबाजूला मळे होते आणि मळा म्हटलं की विहीर आली. तुमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगखाली कुणाची तरी विहीर आहे. ज्यांच्या मळ्याची जमीन बिल्डरला गेली त्या घरातल्या आजी बहुधा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना भेटा. विहीर बुजवताना दगडांचं काय केलं, हा एक प्रश्न पुरतो.

विचारायचं कसं

दिवेलागणीला जाऊ नका. त्या वेळी पुष्कळ घरांत हे नाव घेत नाहीत. दुपारी जेवणं आटोपल्यावर जा, आणि हात कामात असतील अशी वेळ धरा. उन्हाळ कांदा निघतो तेव्हा खळ्यावर बाया ओळीने कांदा खांडायला बसतात. विळे चालू, माना खाली, कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही. माझ्या वहीतल्या निम्म्या गोष्टी अशा खळ्यांवरच्या आहेत. तुम्हीही एक विळा मागून घ्या आणि बसा. बोटं सांभाळा.

घरातले पुरुष समोर असतील तर ते आधी उत्तर देतात, "असलं काही नसतं हो मॅडम, जुन्या बायांचं खूळ." त्यांच्याशी वाद घालू नका. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या.

नाव न घेता सुरुवात करा. गावात 'आसरा' असं सरळ म्हणत नाहीत, 'त्या बाया', 'माऊल्या' म्हणतात. आयर्लंडमधली म्हातारी माणसंही परीला परी म्हणत नसत, 'ती भली माणसं' म्हणत. दोन्हीकडे कारण एकच आहे: ऐकत असतील तर त्यांना राग येऊ नये. तुम्हीही तो मान ठेवा. तुमचा विश्वास असो वा नसो, ज्यांच्या ओट्यावर बसलात त्यांच्या बोलण्याची रीत पाळायची.

माझा सगळ्यात कामाचा प्रश्न हा: इथे काय करायचं नाही? कुठल्या वेळी जायचं नाही, कोणी जायचं नाही, काय धुवायचं नाही, कोणत्या रंगाचं नेसायचं नाही. 'गोष्ट सांगा' म्हटलं की माणूस गांगरतो. काय करायचं नाही हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि "का बरं?" म्हटलं की त्यामागून गोष्ट आपोआप येते.

"तुम्ही स्वतः पाहिलंत का?" हे पहिल्या भेटीत विचारूच नका. इंग्लंडमध्ये कॉटिंग्ली नावाच्या खेड्यात १९१७ साली १६ आणि ९ वर्षांच्या दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. पुठ्ठ्यावर चित्रं काढून, कापून, टोपीच्या पिनांनी उभी केली होती. आर्थर कॉनन डॉयलसारख्या नावाजलेल्या लेखकाने ते खरे मानून १९२०मध्ये मासिकात लेख लिहिला. चित्रं कापलेली होती हे त्या बहिणींनी कबूल केलं १९८३मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. खरं की खोटं एवढंच सगळे विचारत राहिले की माणूस आपल्या पहिल्या उत्तराला जन्मभर बांधला जातो. तुम्ही विचारा, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मग आजीची आजी येते, तिचं माहेर येतं.

माहेर तर विचाराच. बाई आपली गोष्ट लग्नात बरोबर घेऊन येते. पेठकडच्या डोहाची गोष्ट मला निफाडच्या एका विहिरीवर भेटली, कारण सांगणारीचं माहेर पेठचं. तिने सासरच्या विहिरीला माहेरच्या बाया दिल्या होत्या. नोंदीत माहेर लिहिलं नाही तर ही वाट कळत नाही.

साल विचारू नका, आठवत नाही म्हणून बाई ओशाळते. बहात्तरचा दुष्काळ आधी की नंतर, एकोणसत्तरचा महापूर तुम्ही पाहिलात का, कोणत्या सिंहस्थात, असं विचारा. आमच्याकडे आयुष्य असंच मोजतात.

उतरवून घेताना

मोबाईलवर रेकॉर्ड करायला हरकत नाही, पण विचारून. फोन त्यांच्या नजरेसमोर ठेवा, घडी घातलेल्या फडक्यावर, म्हणजे खालच्या फरशीचा आवाज येत नाही. पंखा बंद करायला सांगा. मोटर चालू असेल तर थांबा. आधी स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, पाण्याची जागा बोलून घ्या. "हे लिहू नको गं" असं मधेच म्हणाल्या तर बंद करा आणि खरोखरच लिहू नका.

वहीत त्यांचेच शब्द ठेवा. 'हिर' म्हणाल्या तर 'विहीर' करू नका. बागलाणात अहिराणी ऐकाल, पेठ-सुरगाण्यात तिथल्या कोकणा आदिवासींची कोकणी, ती तशीच लिहा. न कळलेल्या शब्दाला खूण करा आणि उठायच्या आधी विचारा. दोघींनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली तर जुळवाजुळव न करता दोन्ही लिहा.

फोटो काढायचा तर दगडांचा, आसपासच्या झाडासकट. माणसाचं नाव आणि गाव जाहीर लिहायचं का, हे त्या माणसाला विचारून ठरवा. मी इथे गावं सांगत नाही ती याचसाठी.

आजार असेल तर

हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या हातून यात चूक झाली आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवलेला पाहिला. मी सासूबाईंना सगळ्यांसमोर रागावले, ही अंधश्रद्धा आहे, काढा तो आधी. त्यांनी मुकाट्याने काढला. त्यानंतर त्या घराने मला काहीच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सुनेला ताप आला तेव्हा "आसरा लागल्यात" म्हणून ओटी भरली, भगताला बोलावलं, पण मला निरोप धाडला नाही. मला दोन दिवसांनी शेजारणीकडून कळलं. जंतुसंसर्ग झाला होता. ती वाचली, पण वीस दिवस दवाखान्यात होती आणि बाळ घरी वरच्या दुधावर.

विळ्याने तिचं काहीच बिघडणार नव्हतं. लोखंड जवळ असलं की त्या येत नाहीत, असं आयर्लंड-स्कॉटलंडमध्येही मानत आणि तान्ह्या बाळाच्या पाळण्याशी लोखंड ठेवत. फक्त तो विळा मी कोपऱ्यात बाळापासून दूर सरकवायला सांगायला हवा होता आणि म्हणायला हवं होतं, "आई, ताप आला तर ओटी भरा आणि लगेच मलाही बोलवा." पुढची सगळी वर्षं मी असंच म्हणत गेले. ओटी भरायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात गाडी येते.

तेव्हा गोष्ट गोळा करताना कुणी "आता, या घडीला, आमच्या पोरीला लागल्यात" असं म्हणालं तर वही मिटा. झटके, ताप, बाळंतिणीची बडबड, न जेवणं, यातलं काही असेल तर आशाताईंना बोलवा, १०८ला फोन करा. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण करत असेल तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे घरच्यांना सांगा. गोष्ट पुन्हा कधीतरी मिळेल.

वाचून दाखवायला परत जा

हे पुष्कळजण करत नाहीत. लिहिलेली गोष्ट सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायची.

त्या नागलीवाल्या आजींची भांड्यांची गोष्ट अशी होती. पूर्वी गावात लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी घरची कर्ती बाई विहिरीवर जायची. हळदकुंकू वाहून सांगायची, इतकं पान आहे, इतकी भांडी लागतील. सकाळी पायऱ्यांवर पराती, हंडे, घंगाळं मांडलेली असायची, ओली, घासून लख्ख. आजींनी एक खूण सांगितली ती मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही. आपल्या भांड्यांच्या कडेवर नाव घातलेलं असतं, लग्नात अदलाबदल होऊ नये म्हणून. त्या भांड्यांच्या कडा कोऱ्या असायच्या. काम झालं की मोजून परत पाण्यात सोडायची. एकदा एका घराने एक परात ठेवून घेतली आणि तिच्यावर नाव घालून आणलं. त्यानंतर भांडी आली नाहीत.

पाण्यातून भांडी येण्याची गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळ गावांत सांगतात. इंग्लंडात सरे परगण्यात फ्रेन्शम गावच्या चर्चमध्ये एक मोठी काईल ठेवलेली आहे. तीही जवळच्या टेकडीवरच्या पऱ्यांकडून उसनी आणली, वेळेवर परत केली नाही, आणि तेव्हापासून त्यांनी काही दिलं नाही, असं तिथले लोक सांगत. १७व्या शतकात जॉन ऑब्री याने ते लिहून ठेवलं. कुठलं सरे आणि कुठलं दिंडोरी! पण कडेवर नाव घालून आणण्याची गोष्ट आपल्याच आजीची.

मी ती गोष्ट लिहिली आणि दिवाळीनंतर वाचून दाखवायला गेले. नागलीच्या जागी आता भुईमुगाच्या शेंगा होत्या. 'एका घराने परात चोरली' असं मी लिहिलं होतं. आजींनी हात वर केला.

"चोरली नको लिहू, नर्सबाई. ठेवून घेतली लिही. घरात लग्न होतं, शंभर माणूस. मोजायचं राहून गेलं. मग लाज वाटली परत न्यायची."

मी खोडलं, 'ठेवून घेतली' लिहिलं. त्यांनी शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. "आमच्या सासूबाईंची आजेसासू ती," त्या म्हणाल्या. परात मी पाहायला मागितली नाही, त्यांनीही दाखवली नाही.

उठताना म्हणाल्या, विहीर औंदा बुजवली, मुलांनी बोअर घेतली. दगड टाकू दिले नाहीत. "कुठं हायेत ते पण लिही." ते मी त्यांच्यासमोर लिहिलं: पाण्याच्या टाकीमागे, उंबराखाली, सात आणि एक, तोंड उगवतीकडे.